माणसं नसलेल्या रस्त्यासाठी

आमच्या सोसायटीतून कोणाची गाडी बाहेरगावी निघाली की बाई खाली यायच्या. त्यांना कसं कळायचं, देव जाणे. बॅगा डिकीत जाईपर्यंत त्या जिना उतरून आलेल्या असायच्या. सुती साडी, पायात रबरी सपाता आणि काखेत जाड कॅनव्हासची एक वळकटी, परकराच्या नाडीने बांधलेली. गाडीच्या मागे उभ्या राहून त्या विचारायच्या, कुठे निघालात?

शिर्डी, नाशिक, पुणे असलं काही उत्तर आलं तर त्या हात हलवून परत फिरायच्या. "हायवेला माणसं असतात," एवढंच म्हणायच्या. पण कोणी म्हणालं की किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत कच्च्या वाटेने जाणार आहोत, किंवा कच्छच्या रणात, किंवा हिमाचलात वर कुठेतरी, तर बाई डिकी पुन्हा उघडायला लावायच्या. भरलेल्या बॅगा बाहेर काढायच्या. स्टेपनीवर बुक्की मारून हवा बघायच्या. जॅक हातात घेऊन फिरवून बघायच्या. आणि मग स्वतःच्या हाताने सगळं पुन्हा भरायच्या.

"मी माणसं नसलेल्या रस्त्यासाठी भरते," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्या मात्र हसल्या नव्हत्या. त्या तशा कधीच फारशा हसत नसत.

आम्ही लालबागची खोली सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये आलो ते बाईंच्याच भाडेकरू म्हणून. त्यांचे एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी दोन फ्लॅट होते. एकात त्या एकट्या राहायच्या, दुसरा आम्हाला दिला होता. मूळच्या रत्नागिरीकडच्या. भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर चौथीचा वर्ग घेतला आणि निवृत्त झाल्या. मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या गुजराती बायका त्यांना टीचर म्हणायच्या, वॉचमन मॅडम म्हणायचा, बाकीचे आम्ही बाई. त्यांच्या घरात देवांच्या तसबिरी होत्या, आईवडिलांचे फोटो होते, शाळेतल्या निरोपसमारंभाचा फोटो होता. नवऱ्याचा फोटो कुठेच नव्हता. काहीजणांना तो बघवत नाही, तसं असेल असं मी धरून चालले.

नवऱ्याच्या मागे राहिली होती ती त्याची जीप. हिरवा रंग उडालेली, ताडपत्रीच्या टपाची. कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी असायची. दर रविवारी सकाळी बाई ती सुरू करायच्या, थोडा वेळ नुसतीच चालू ठेवायच्या, मग कॉम्प्लेक्सला एक चक्कर मारून पुन्हा जागेवर लावायच्या. धूर तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात जायचा. त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवेळी बोलणं व्हायचं. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा जीप सुरू करायच्या.

त्या वळकट्यांबद्दल सांगायला हवं. जुन्या ताडपत्रीचे तुकडे कापून बाईंनी त्या स्वतः मशीनवर शिवल्या होत्या. प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाचा कप्पा. एका वळकटीत पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. दुसरीत पक्कड, पेचकस, हातोडी. तिसरीत ज्याला बाई पोटापाण्याचं म्हणायच्या ते: फ्यूज, होजच्या क्लिपा, फॅनबेल्ट, बाइंडिंगची तार, काळी टेप, पंक्चरचं सामान. जुन्या साड्यांच्या घड्या, हात पुसायला. शिवाय एक जाड लाकडी फळी, कारण मऊ जमिनीवर जॅक नुसता लावला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. भरण्याचा क्रम ठरलेला. जड ते खाली, आधी लागेल ते वर, आणि टॉर्च सामानात नाही, खिशात. "आधी लागणारी वस्तू शेवटी भरायची," हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की आमच्या बिल्डिंगमध्ये लोक ते भाजीच्या पिशवीबद्दलही म्हणायला लागले होते. आणखी एक त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. गाडी माणूस बघून बंद पडत नाही, जागा बघून पडते.

इथपर्यंत लोकांना चालायचं. म्हातारी बाई आहे, हौस आहे, फुकटात सामान देतेय, घ्यावं. अडायचं ते पुढे. सगळं भरून झालं की बाई गाडीच्या मालकाकडे बघायच्याही नाहीत. त्या म्हणायच्या, बायकोला बोलवा. मित्रमित्र निघाले असतील तर म्हणायच्या, तुमच्यातल्या ज्याला यातलं काही येत नाही त्याला पुढे करा. मग त्या माणसासमोर वळकटी उघडून एकेका हत्याराचं नाव घ्यायच्या, त्याच्याकडून म्हणून घ्यायच्या, आणि शेवटी नावं विचारून हत्यारं काढायला लावायच्या. सगळी बरोबर आल्याशिवाय गाडी हलू द्यायच्या नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, स्वभावाने मोकळे, मोठ्याने बोलणारे. ते एकदा कच्छला निघाले. बाईंनी बायकोला बोलवायला सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, आमच्या हिला काय करायचंय पान्यांचं? हिला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही." भोवतीचे सगळे हसले. बाई गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. गृहस्थांनी हॉर्न वाजवला, आधी गमतीने, मग वैतागून. बाई हलल्या नाहीत. शेवटी त्यांची बायको गाडीतून उतरली, डोळ्यांत पाणी, चारचौघांत शोभा झाली म्हणून. बाईंनी तिला बाजूला नेऊन सावकाश सगळं दाखवलं. एकदा चुकली तर पुन्हा सांगितलं. आवाज जराही चढवला नाही. वर्गात तो त्यांनी कधी चढवला असेल असं मला वाटत नाही. चुकणाऱ्यावर त्या कधीच रागवायच्या नाहीत. मला वाटतं, त्यांच्या विक्षिप्तपणातली ही एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

माझी पाळी आली ती माझ्या नवऱ्याने जुनी फोर बाय फोर गाडी घेतली आणि आम्ही स्पितीला जायचं ठरवलं तेव्हा. आमच्यासाठी बाईंनी खास वेळ काढला. रोज संध्याकाळी मी मालाडच्या ऑफिसमधून आले की त्या मला पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून बसवायच्या. डबल पाना, रिंग पाना, बॉक्स पाना. कुठला नट झिजून गोल झाला तर काय, बेल्ट तुटला तर काय, ओढायचा पट्टा दुसऱ्या गाडीला कुठे अडकवायचा आणि कुठे मुळीच नाही. शेवटच्या संध्याकाळी माझ्याच ओढणीने माझे डोळे बांधले आणि हाताने ओळखायला लावलं. फिरायला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर आल्यावर नवरा म्हणाला, तू आता नोकरी सोडून गॅरेज काढ.

स्पितीत काहीही झालं नाही. साधं पंक्चरसुद्धा नाही. परत आल्यावर मी वळकट्या द्यायला गेले तर बाईंनी त्या जमिनीवर उलगडल्या आणि प्रत्येक हत्यार पुसून पुन्हा जागेवर ठेवलं. मी म्हटलं, बाई, वापरलंच नाहीये काही. त्या म्हणाल्या, हो, दिसतंय. आणि पुसत राहिल्या.

बाईंचं हे असं का, याची एक गोष्ट बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होती. मीही ती आल्याआल्या ऐकली. बाईंचे यजमान भटके होते, सुट्टी मिळाली की जीप काढून रानावनात जायचे, बाईंनाही न्यायचे. एकदा मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, गाडी बंद पडली आणि त्याच वेळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गाडीत एक साधा पाना नव्हता. एका पान्यापायी माणूस गेला. लोक ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी चुकचुकायचे.

ती तशी नव्हती, हे मला तारोडीला कळलं.

बाईंच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मग रविवारी जीप मी चालवायची आणि त्या शेजारी बसणार असं ठरलं. एका रविवारी त्या म्हणाल्या की नुसत्या चकरा मारून गाडी मरते, तिला जरा चढ-उतार दे. आम्ही उत्तनकडे गेलो, तिथून तारोडीला, आणि गावाच्या पुढे जिथे डांबर संपतं तिथून वर जाणाऱ्या मातीच्या वाटेला लागलो. थोडं वर गेलो आणि जीप बंद पडली. खाली बांबूंवर मासळी वाळत होती, समुद्र मातकट होता, आभाळ भरून आलेलं. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई खालून येत होती. ती आमच्याजवळ थांबली आणि म्हणाली, "पुढं वाट न्हाय, बाय. खडपं हाय नुसती." आणि निघून गेली.

मी बॉनेट उघडलं. बॅटरीचं एक टर्मिनल सैल होऊन हाललं होतं. मी वळकटी सोडली, दहाचा रिंग पाना काढला आणि नट आवळला. त्यात काहीच विशेष नव्हतं. मी वळले तर बाई जीपला धरून माझ्या हातातल्या पान्याकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांना खाली एका दगडावर बसवलं. पाणी दिलं.

त्या दिवशीही हेच झालं होतं, म्हणाल्या. हेच टर्मिनल. आणि पाना नव्हता हे खोटं आहे. लोखंडी पेटी भरून हत्यारं होती. बाईंना गाडी चालवायला यजमानांनीच शिकवली होती, कारण परतताना ते दमलेले असायचे. पण बॉनेट उघडलं की ते म्हणायचे, तू बस बाजूला. मग बाई सावलीत बसायच्या, संत्री सोलायच्या. त्या दिवशी ते बॉनेट उघडून वाकले आणि तसेच खाली बसले. घामाने भिजले. उभं राहता येईना. बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाले, दहाचा रिंग दे, मी सांगतो तसं कर.

"मला रिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "सगळी हत्यारं एकावर एक, तेलाने माखलेली. मी एकेक काढून त्यांच्यासमोर धरत होते. ते मान हलवत होते. पक्कड धरली, तेव्हा म्हणाले, 'एवढंही कळत नाही तुला.' ते त्यांचं शेवटचं बोलणं."

पुढचं त्यांनी घाईने सांगितलं. काही सुचेना म्हणून त्यांनी व्हील पान्याने त्या बॅटरीवर दणादण ठोकलं आणि किल्ली फिरवली तर गाडी सुरू झाली. यजमानांना ओढत सीटवर घेतलं. मुरबाडपर्यंत स्वतः चालवत नेलं. वाटेत त्या त्यांच्याशी बोलत होत्या. सरकारी दवाखान्यात कळलं की ते निघण्याआधीच गेलेले होते.

मी पाना पुसून वळकटीत त्याच्या कप्प्यात ठेवला. मग आभाळ आणखी दाटलं म्हणून आम्ही निघालो.

त्यानंतर काही महिन्यांनी बाई म्हणाल्या की मला एकदा मुरबाडच्या पुढची ती जागा बघायची आहे. इतक्या वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. माझ्या नवऱ्याने आपल्या गाडीने नेतो म्हणून सांगितलं, पण त्यांना जीपच हवी होती आणि बरोबर मीच. आदल्या दिवशी त्यांनी तीन तास बसून सामान भरलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, हातांनीच भरलं. मी मदत करू लागले तर म्हणाल्या, असू दे.

घोडबंदर, भिवंडी, कल्याण, मुरबाड. मुरबाडच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलो तेव्हा त्या पुढे वाकून बसल्या. म्हणाल्या, आता एक ओढा लागेल, मग पाथरटांचा चढ, मग दोन वळणं, दुसऱ्या वळणावर एक मोठं करंजाचं झाड.

ओढ्यावर सिमेंटचा पूल होता. चढ फोडून रस्ता रुंद केलेला, वर कोरं डांबर. दोन्ही बाजूंना फार्महाउसच्या भिंती, फाटकं, पाट्या. वळणं किती होती हेच कळेना. एका जागी चहाची टपरी होती, तिथे पोरं मोटारसायकली लावून फोटो काढत होती. बाई म्हणाल्या, मागे घे. मी मागे घेतली. म्हणाल्या, नाही, पुढेच असेल. असं किती वेळा आम्ही मागेपुढे झालो. त्या प्रत्येक वळणावर उतरायच्या, हात कपाळाला लावून डोंगराकडे बघायच्या, आणि पुन्हा येऊन बसायच्या. शेवटी एका फाटकातून सिक्युरिटीवाला बाहेर आला आणि त्याने विचारलं, किसके यहाँ जाना है.

"किसी के यहाँ नहीं," बाई म्हणाल्या.

त्याने आम्हाला फाटकासमोरून गाडी काढायला सांगितलं. मी टपरीपाशी नेऊन लावली. दोन चहा घेतले. बाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता पण पीत नव्हत्या. त्या म्हणाल्या, मला वाटलं होतं मी ओळखेन.

तारोडीला जे बोलायचं राहिलं होतं ते मला तेव्हा बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "बाई, ते बोलणं मनाला लावून घेऊ नका. दुखत होतं त्यांना. त्या वेदनेत माणूस काहीही बोलतो."

त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना माझा चेहरा किती दिसत होता कोण जाणे.

"ते रोजच तसं बोलायचे," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी पडलं तरी. शाळेतून यायला उशीर झाला तरी. एवढंही कळत नाही तुला. इतकी वर्षं मी ऐकून घेत होते. त्या दिवशी मला राग आला. मी पेटी बंद केली आणि करंजाखाली जाऊन बसले."

मोटारसायकली सुरू झाल्या. त्यांचा आवाज जाईपर्यंत बाई थांबल्या.

"फार वेळ नाही. राग उतरेपर्यंत. उठून परत आले तर ते तसेच बसलेले होते, टायरला टेकून. डोळे उघडे होते."

चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि चहा संपवला. परत येताना भिवंडीला ट्रॅफिकमध्ये आम्ही बराच वेळ अडकलो. बाई सीटवर मान टाकून झोपल्या होत्या.

त्यानंतर त्या कोणाची गाडी निघाली तरी खाली आल्या नाहीत. जीप त्यांनी वसईच्या एका माणसाला देऊन टाकली, वळकट्यांसकट. तो घेऊन जाताना बाल्कनीतही आल्या नाहीत. सोसायटीला मोकळी जागा मिळाली. पहिले काही दिवस लोक गाडीत बॅगा भरताना उगाच जिन्याकडे बघायचे, मग बघेनासे झाले. मी रोज ऑफिसमधून आल्यावर त्यांच्याकडे जायचे, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मोठ्या आजाराशिवाय, नुसतं जेवण कमी होत होत, त्या गेल्या.

तेराव्याला रत्नागिरीहून त्यांचा भाचा आला होता. बिल्डिंगमधले सगळे जमले होते. सतरंजीवर बसून लोक बाईंच्या गोष्टी सांगत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी भाच्याला विचारलं की तुम्हाला ठाऊक असेलच, बाईंचे मिस्टर कसे गेले. आणि मग त्यांनीच सांगितलं, हळू आवाजात, त्यांच्या मानाने फारच हळू. रानात गाडी बंद पडली. गाडीत एक पाना नव्हता. फार जीव होता हो दोघांचा एकमेकांवर, म्हणून बाईंनी तो असा घोर लावून घेतला.

भाचा मान हलवत होता. बायका डोळे पुसत होत्या. त्या गृहस्थांची बायको माझ्याशेजारी बसली होती. तिने मला विचारलं, तू तर शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतीस, असंच झालं होतं ना?

मी हो म्हटलं.